मिकीचा वेढा आणि बेश्शो नागाहारू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थोडक्यात, झालं काय?

१५७८ च्या वसंतात हारिमा प्रांतातल्या मिकी किल्ल्याच्या तरुण धन्याने, बेश्शो नागाहारूने, तेव्हा जपानात सर्वांत प्रबळ होत चाललेल्या ओदा नोबुनागाची बाजू सोडली आणि पश्चिमेकडच्या बलाढ्य मोरी घराण्याचा हात धरला. नोबुनागाचा सेनापती हाशिबा हिदेयोशी मिकीला वेढा घालून बसला. पुढे साऱ्या जपानचा कारभार हाती घेणारा तोयोतोमी हिदेयोशी तो हाच. वेढा एक वर्ष दहा महिने चालला आणि आतली माणसं उपासमारीने मरू लागली. शेवटी नागाहारूने निरोप धाडला: मी, माझा भाऊ आणि माझे काका प्राण देतो, बाकीच्यांना सोडा. जुन्या जपानी पंचांगातल्या पहिल्या महिन्याच्या १७ तारखेला, म्हणजे आपल्या हिशेबाने २ फेब्रुवारी १५८० रोजी, त्याने सेप्पुकु केलं, म्हणजे रीतीप्रमाणे पोट चिरून प्राण दिले.

मिकी हे आज ह्योगो जिल्ह्यातलं, कोबेच्या वायव्येला असलेलं शांत शहर आहे.

त्याचं वय किती होतं? कुठे २३ वाचलं, कुठे २६, कुठे २१.

प्रचलित जन्मवर्ष १५५८. जुन्या जपानी पद्धतीत मूल जन्मतःच एक वर्षाचं धरत आणि दर नववर्षाला एकेक वर्ष वाढवत. त्या हिशेबाने मृत्यूच्या वेळी तो २३ वर्षांचा ठरतो, आपल्या हिशेबाने एकवीस-बावीसचा. काही बखरींत जन्म थोडा आधीचा धरलाय, तिथून २६ हा आकडा येतो.

माझ्या मते मृत्यूच्या वयापेक्षा दुसरा एक आकडा जास्त बोलतो. त्याचे वडील यासुहारू १५७० मध्ये वारले, तेव्हा प्रचलित जन्मवर्ष धरलं तर हा मुलगा बारा-तेरा वर्षांचा होता. गादी त्याची, पण कारभार दोन काकांच्या हाती. मिकीत पुढे जे घडलं त्याची मुळं इथे आहेत.

बेश्शो घराणं किती मोठं होतं?

फार मोठं नाही. हारिमाचे जुने सरदार आकामात्सु, त्यांची ही शाखा. पूर्व हारिमातले आठ तालुके त्यांच्या वजनाखाली होते आणि आसपासचे छोटे गढीवाले त्यांना मानत. अडचण जागेची होती. पूर्वेला क्योतो आणि नोबुनागा, पश्चिमेला मोरी, आणि मधोमध हारिमा. दोन्हीकडच्या सैन्यांची वाट यांच्या अंगणातून जाणार, हे उघड होतं.

तो आधी नोबुनागाच्या बाजूने होता ना? मग फिरला का?

होता. १५७५ मध्ये त्याने नोबुनागाची भेट घेऊन मान तुकवली होती. १५७७ मध्ये हिदेयोशी हारिमात उतरला तेव्हाही मिकी त्याच्या बाजूलाच धरलं जात होतं.

फिरण्याचं एकच कारण सांगता येत नाही. सर्वांत जास्त सांगितली जाणारी गोष्ट काकोगावाच्या मसलतीची. मोरींविरुद्धची मोहीम ठरवायला हिदेयोशीने काकोगावाला हारिमाच्या सरदारांना बोलावलं. नागाहारू स्वतः गेला नाही. त्याच्या वतीने थोरले काका योशिचिका आणि जुना सरदार मियाके हारुतादा गेले. योशिचिकाने लांबलचक सल्ला दिला आणि हिदेयोशीने तो झटकला. तुम्ही पुढे राहून लढा, डावपेच मी बघतो, असा त्याचा रोख. जुन्या घराण्याच्या माणसाला, ज्याच्या कुळाचा पत्ता नाही अशा माणसाने असं बोलावं, हे योशिचिकाला सहन झालं नाही. मिकीत परतल्यावर त्याने पुतण्याचं मन वळवलं, असं सांगतात.

केवळ अपमानासाठी आठ तालुके पणाला लागले, हे मला पुरतं पटत नाही. आणखीही गोष्टी होत्या. नागाहारूची बायको तेरुको तांबा प्रांतातल्या हातानो घराण्यातली, आणि हातानो तेव्हा नोबुनागाशी लढत होते. हारिमात इक्को या बौद्ध पंथाचे लोक भरपूर, आणि त्यांचं ओसाकाचं होंगानजी मठ कित्येक वर्षं नोबुनागाशी झुंजत होतं. पदच्युत शोगुन (जपानचा लष्करी सत्ताधीश) आशिकागा योशिआकी मोरींच्या आश्रयाला राहून सगळीकडे पत्रं धाडत होता. त्यात १५७७ च्या अखेरीस हिदेयोशीने कोझुकी किल्ला घेतला, तेव्हा दोनशेहून अधिक बायकामुलांना सरहद्दीवर नेऊन मारलं. ती बातमी मिकीला पोचायला वेळ लागला नसेल.

धाकटे काका शिगेमुने मात्र हिदेयोशीकडेच राहिले. म्हणजे ज्या दोन पालकांच्या सल्ल्याने हा मुलगा वाढला, त्यांतला एक तटाच्या आत आणि दुसरा बाहेर. भाऊबंदकी म्हणून हे सोडून देऊ नका. शरणागतीच्या पत्राच्या वेळी या शिगेमुनेचं नाव परत येईल.

हिदेयोशीने सरळ हल्ला करून किल्ला का घेतला नाही?

मिकी मिनो नदीच्या काठच्या उंच पठारावर उभा होता. नदीच्या बाजूला कडा, दुसऱ्या अंगाला खंदक आणि जोडकिल्ले. आत साडेसात हजारांच्या आसपास माणसं होती असं सांगतात. त्यात शिबंदीबरोबर त्यांच्या घरच्या बायका, पोरं, म्हातारी आणि आश्रयाला आलेले पंथाचे लोकही होते. चढाई केली असती तर हिदेयोशीची माणसं हकनाक मेली असती.

त्याने उलट धोरण धरलं. आधी आसपासच्या नोगुची, कान्की, शिकाता अशा उपकिल्ल्यांचा एकेक करून फडशा पाडला. मग हिराई डोंगरावर मुख्य तळ टाकला आणि मिकीभोवती मेटं उभारायला घेतली. टेकडीटेकडीवर छोट्या गढ्या, त्यांच्यामध्ये मातीचे लांब बांध. अशा सुमारे चाळीस गढ्यांच्या खुणा सापडल्या आहेत आणि २०१३ मध्ये किल्ल्यासकट त्यांना राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

जपानीत या वेढ्याला ‘मिकी नो होशिगोरोशी’ म्हणतात. होशी म्हणजे वाळवणं, गोरोशी म्हणजे मारणं. माणसं वाळवून मारली.

इतके महिने किल्ल्यात धान्य येत कुठून होतं?

वेढ्याचा सगळा इतिहास या प्रश्नात आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

मोरींचं आरमार तगडं होतं. त्यांची गलबतं आतल्या समुद्रातून येऊन ताकासागोला माल उतरवत. तिथून होड्या काको नदीने वर आणि पुढे मिनो नदीने थेट मिकीच्या पायथ्याशी. ताकासागो हिदेयोशीने बंद पाडलं, तेव्हा माल उओझुमीच्या किनाऱ्यावर उतरू लागला.

१५७८ च्या शरदात आराकी मुराशिगे हा नोबुनागाचा बडा सरदार आरिओका किल्ल्यातून उलटला आणि मिकीला जीवदान मिळालं. त्याच्या ताब्यातल्या हानाकुमा बंदरावर माल उतरवायचा, मागचा डोंगर चढायचा, तान्जोच्या शिखरावरून ओगो किल्ल्याला आणि तिथून मिकीला. पोती पाठीवर घेऊन डोंगरवाटा तुडवणाऱ्या त्या हमालांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत. कित्येक महिने किल्ला त्यांच्या खांद्यांवर जगला.

ओगोचा किल्लेदार सादानोरी याची एक गोष्ट त्या भागात अजून सांगतात. हिदेयोशीचा भाऊ हिदेनागा घोडदळ घेऊन चालून आला. सादानोरीने गोळा करून ठेवलेल्या घोड्या त्या दळात सोडल्या. लढाईचे घोडे खच्ची न केलेले, ते उधळले, स्वार खाली आले आणि चढाई फसली. पण १५७९ च्या उन्हाळ्याच्या सुमारास तान्जो पडला आणि ओगोही गेला. डोंगरवाट बंद झाली.

शेवटचा मोठा प्रयत्न त्याच वर्षीच्या नवव्या महिन्यात झाला. मोरींची माणसं रात्री धान्य घेऊन वायव्येकडून आली आणि हिराताच्या मेटावर तुटून पडली. तिथला सरदार तानी दाइझेन मारला गेला. आतूनही लोक बाहेर पडले, ओमुराजवळ घनघोर लढाई झाली. हिदेयोशीची कुमक वेळेवर पोचली आणि धान्य आत गेलंच नाही. बेश्शोंचे नावाजलेले लोक त्या दिवशी पडले, ओगोचा सादानोरीही त्यातच गेला.

मोरी मोठं सैन्य घेऊन का आले नाहीत?

समुद्रावर आणि जमिनीवर, दोन्हीकडे त्यांची वाट चिंचोळी होत गेली. १५७८ च्या अखेरीस ओसाकाच्या तोंडाशी नोबुनागाच्या आरमाराने त्यांना हरवलं. १५७९ मध्ये बिझेनचा उकिता नाओइए त्यांची बाजू सोडून नोबुनागाला मिळाला. बिझेन म्हणजे मोरी आणि हारिमा यांच्यामधला प्रांत, त्यामुळे जमिनीची वाटच तुटली.

हिदेयोशीच्या छावणीत सगळं सुरळीत होतं का?

नव्हतं. त्याचा सल्लागार ताकेनाका हानबेई १५७९ मध्ये हिराईच्या तळावरच आजारपणाने वारला. त्याची समाधी मिकीत आहे आणि लोक आजही तिथे फुलं वाहतात. दुसरा सल्लागार कुरोदा कानबेई आराकीचं मन वळवायला आरिओकाला गेला होता. आराकीने त्याला वर्षभर कोठडीत डांबून ठेवलं.

किल्ल्यात लोक काय खात होते?

या वेढ्याची मुख्य बखर सांगते ते असं: धान्य संपल्यावर आधी कोंडा आणि घोड्यांचा चारा, मग गुरं-घोडी, कोंबड्या, कुत्री. त्यापुढचा उल्लेख माणसाच्या मांसाचा आहे. उपासमारीने हजारो मेल्याचं ती लिहिते. लोककथेत एक साधा तपशील टिकलाय. भिंतीतलं आणि जमिनीवर अंथरलेल्या तातामी चटयांतलं भाताचं काड उपसून, शिजवून लोक खात होते.

हे वर्णन जिंकणाऱ्याच्या बाजूने लिहिलेलं आहे, तेव्हा त्यात थोडी भर असू शकते. पण साडेसात हजार माणसं, बंद वाटा आणि हिवाळा, एवढं मनात आणलं तरी उरलेलं कळतं.

मग त्याने आधीच शरणागती का पत्करली नाही?

१५७९ च्या उत्तरार्धात त्याच्या कानावर काय येत होतं ते बघा. सहाव्या महिन्यात तेरुकोचं माहेर, हातानोंचा याकामी किल्ला, नोबुनागाचा सेनापती आकेची मित्सुहिदे याच्यासमोर पडला. हातानो हिदेहारूला नोबुनागाच्या आझुची या ठाण्याला नेऊन खांबाला बांधून ठार केलं. पुढे आरिओकाही पडला. आराकी स्वतः आधीच निसटला होता, मागे राहिलेल्या घरच्यांना आणि शिबंदीच्या कुटुंबांना नोबुनागाने बाराव्या महिन्यात मारलं. एका दिवशी १२२ स्त्रियांना खांबांना बांधून संपवलं, शिवाय पाचशेच्या वर माणसं घरांत कोंडून जाळली.

नागाहारूचं पत्र त्यानंतर महिन्याभरात निघालं. धनी पळाला तर मागच्यांचं काय होतं, याचं उदाहरण त्याच्या डोळ्यांसमोर होतं. तो पळाला नाही.

शरणागतीच्या पत्रात नेमकं काय होतं?

नवं वर्ष १५८० उजाडलं तेव्हा आतल्या लोकांत धनुष्य ओढायचं त्राण राहिलं नव्हतं. पहिल्या महिन्याच्या ६ तारखेला मियानोउए हा बाहेरचा बुरूज पडला, ११ ला ताकानोओ पडला, आणि मुख्य किल्ला उघडा झाला. हिदेयोशीच्या बाजूने शिगेमुनेमार्फत निरोप आत गेला. काकांनीच पुतण्याला मरणाची अट कळवली.

१५ तारखेच्या उत्तराचा आशय असा: दोन वर्षांच्या या वैराला जबाबदार आम्ही तिघे, म्हणजे नागाहारू, योशिचिका आणि धाकटा भाऊ तोमोयुकी. १७ तारखेला आम्ही पोट चिरून घेऊ. शिपाई आणि रयत यांचा यात काही अपराध नाही, त्यांच्यावर दया करून त्यांचे प्राण वाचवावेत.

पत्रात काकांचं नाव आहे, पण दोष त्यांच्यावर ढकललेला नाही. काकोगावाला हा गेला नव्हता, वैराची ठिणगी पाडली ती मोठ्यांनी. ते कुठेही न बोलता त्याने स्वतःचं नाव पुढे घातलं. मला या माणसाबद्दल जे वाटतं ते या एका गोष्टीमुळे.

हिदेयोशीने अट मान्य केली आणि किल्ल्यात साके, म्हणजे तांदळाची दारू, आणि खाणं पाठवलं. कित्येक महिन्यांनी त्या लोकांच्या पोटात अन्न गेलं, ते धन्याच्या निरोपाचं.

शेवटच्या दिवशी काय झालं?

१७ तारखेला नागाहारूने आपल्या तीन वर्षांच्या लेकराला मांडीवर घेतलं आणि स्वतःच्या हाताने मारलं. मग तेरुकोला. तोमोयुकीनेही आपल्या बायकोला मारलं. त्यानंतर नागाहारू व्हरांड्यात आला, उरलेल्या लोकांचे आभार मानले आणि पोट चिरलं. मियाके हारुतादाने त्याचं मस्तक उडवलं आणि मागोमाग स्वतःही प्राण दिले. तोमोयुकी त्याच वाटेने गेला.

या घटनेची चित्रं काढताना लोक पांढऱ्या वस्त्रातला देखणा तरुण काढतात आणि ते मूल वगळतात. वगळू नये. त्याने स्वतःचा जीव स्वतःच्या मर्जीने दिला. तीन वर्षांच्या जिवाला कुणी विचारलं नव्हतं. पराभूत घराण्याची मुलं शत्रूच्या हाती लागून हाल होऊन मरायची, म्हणून तो काळ असं करत असे. कारण कळतं, तरी ते दृश्य हलकं होत नाही.

योशिचिका काकांचं काय झालं?

त्यांना करार मान्य नव्हता. माझं डोकं शत्रूच्या हाती लागू नये म्हणून किल्ल्याला आग लावतो, असं त्यांनी ठरवलं. किल्ला पेटला असता तर करार मोडला असता आणि सगळेच मेले असते. त्यांच्याच शिपायांनी त्यांना ठार केलं. त्यांच्या बायकोने आपल्या तीन मुलांना मारून स्वतःचा जीव घेतला.

सेप्पुकु आणि हाराकिरी वेगवेगळं का?

कृती एकच, चिन्हंही तीच, वाचनाचा क्रम उलटा. सेप्पुकु हा औपचारिक शब्द, हाराकिरी बोलीतला. मागे उभा राहून मस्तक उडवणाऱ्याला कैशाकुनिन म्हणतात, वेदना लांबू नयेत म्हणून तो असतो.

त्याची मृत्यूपूर्वीची कविता कोणती?

*इमा वा तादा*
*उरामी मो आराजी*
*मोरोबितो नो*
*इनोची नी कावारु*
*वागा मी तो ओमोएबा*

अर्थ असा: आता मनात कसलीच अढी नाही, कितीएकांच्या प्राणांच्या बदल्यात हा माझा देह जातोय, असं मनात आणलं की. ‘कावारु’ म्हणजे जागा घेणं, बदली होणं. ‘उरामी’ म्हणजे आत साठून राहिलेला सल. तो नव्हताच असं तो म्हणत नाही, आता उरणार नाही म्हणतो.

तेरुकोच्या नावावरही एक कविता आहे. कुणी आधी जातं, कुणी मागे राहतं, हीच या जगाची रीत. अशा जगात दोघांनी एकत्र विझावं, हाच आनंद, असा तिचा भाव.

त्याच्या मरणाने बाकीचे खरोखर वाचले का?

हा प्रश्न सर्वांत अवघड. पारंपरिक उत्तर हो असं आहे. हिदेयोशीने शब्द पाळला आणि लोक बाहेर आले. पण ही हकिकत सांगणारी मुख्य बखर ओमुरा युको याने लिहिली. तो हिदेयोशीच्या पदरचा लेखक होता, धन्याची थोरवी लिहिणं हेच त्याचं काम.

त्याच दिवसांतली काही पत्रं मात्र किल्ल्यातल्या लोकांना नंतर मारल्याचं सूचित करतात. त्यांच्या आधारे काही जपानी इतिहासकारांनी सुटकेची गोष्ट खरी मानायला नकार दिला आहे. इतर अभ्यासक म्हणतात की त्या पत्रांत शत्रूला दरारा वाटावा म्हणून वाढवून लिहिलेलं असणार. वाद मिटलेला नाही. माझा कल असा की काही लोक नक्की सुटले, आणि सगळे सुटले असं छातीठोक म्हणू नये. त्याचं देणं यामुळे कमी होत नाही. समोरचा शब्द पाळेल की नाही हे मरणाऱ्याला बघता येत नाही, आणि ते ठाऊक असूनच तो बसला.

असं दुसरं उदाहरण जपानात आहे का?

लगेच पुढच्याच वर्षी. १५८१ मध्ये हिदेयोशीने तोत्तोरीला उपाशी मारलं, तिथे किक्कावा त्सुनेइएने शिबंदीसाठी प्राण दिले. १५८२ मध्ये बिच्चूच्या ताकामात्सु किल्ल्याभोवती त्याने पाणी कोंडलं आणि शिमिझु मुनेहारूने त्या पाण्यावर होडीत बसून सेप्पुकु केलं. ते दोघे वयाने मोठे, मुरलेले सेनानी. मिकीचा धनी त्यांच्या आधीचा आणि त्यांच्यापेक्षा पुष्कळ लहान.

नंतर गावाचं काय झालं?

मिकी ओस पडलं होतं. ते पुन्हा वसावं म्हणून हिदेयोशीने गावाला जमिनीचा कर माफ केला आणि तसा लाकडी फलक लावला. पांगलेले लोक परतले, घरं बांधायला सुतार आले, सुतारांना हत्यारं लागली म्हणून लोहार वाढले. करवती, रंधे, पटाशा बनवणारं गाव म्हणून मिकीची जी ख्याती आज आहे, तिची सुरुवात गावकरी इथूनच सांगतात.

सतराव्या शतकात शोगुनांच्या कारभाऱ्यांनी ती करमाफी काढून घ्यायचा घाट घातला, तेव्हा दोन गावकरी एदोपर्यंत, म्हणजे आजच्या तोक्योपर्यंत, दाद मागायला गेले आणि सवलत टिकवून आले. तो फलक होन्योजी देवळाने अजून जपून ठेवलाय.

आज तिथे काय पाहता येईल?

कोबेहून शिन्तेत्सु रेल्वेच्या आओ मार्गाने गेलात तर मिकी-उएनोमारु स्थानकाला उतरा, किल्ला समोरच आहे. दगडी तट किंवा मनोरा शोधू नका, काही उरलेलं नाही. बाग आहे, घोड्यावर बसलेल्या नागाहारूचा पुतळा आहे, त्याची कविता कोरलेला दगड आहे आणि एक जुनी, खोल विहीर. खडा टाकला की कानकान वाजते म्हणून तिला कानकान विहीर म्हणतात. वेळ असेल तर हिराईच्या तळापर्यंत जा. तिथून मिकीचं पठार किती जवळ दिसतं ते पाहिल्यावर आतल्यांनाही शत्रूच्या चुलींचा धूर दिसत असणार हे लक्षात येतं.

होकाइजी देवळात त्याची समाधी आहे. तिथे दरवर्षी एप्रिलमध्ये वेढ्याची मोठी चित्रं टांगून, काठीने एकेक प्रसंग दाखवत गोष्ट सांगतात.

१७ जानेवारीला तिथे उदोन का खातात?

नागाहारूचं मस्तक आझुचीला नोबुनागाकडे गेलं होतं. ते परत आणून उन्रयूजी देवळात पुरलं असं मानतात. त्याच्या श्राद्धाच्या दिवशी तिथे पूजा होते आणि आलेल्या प्रत्येकाला उदोनचा वाडगा देतात. पांढऱ्या, जाड, लांब शेवया. किल्ल्यातल्या लोकांनी जे भाताचं काड उकळून खाल्लं, ते या शेवया. थंडीत उभं राहून, दोन्ही हातांनी वाडगा धरून लोक त्या खातात.